बत्तीकाका

बत्तीकाकांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे; ते तिथेच बरं. देवगडच्या बंदरात त्या नावाने चौकशी केलीत तर कुणी घर दाखवणार नाही. ‘दिवेवाले’ म्हणालात तर मात्र एखादा पोर सायकल टाकून तुम्हाला थेट त्यांच्या खळ्यात आणून सोडेल. खळ्यात चार ओंडक्यांवर टेकलेली अठरा फुटांची फायबरची होडी दिसेल, तिच्याखाली दोन पाय दिसतील. ते काका.

तीस वर्षं काका मालवाहू जहाजांवर सुकाणी होते. रात्री ब्रिजवर उभं राहायचं, अंधारात डोळे रोवायचे आणि क्षितिजावर टिपका दिसला की तो कोण, कुठे चाललाय आणि आपल्या वाटेत येतोय का, एवढं त्याच्या दिव्यांवरून ओळखायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त होऊन गावी आले आणि ओळखायला दिवेच उरले नाहीत. मग मासे धरायला म्हणून काकूंना सांगून त्यांनी होडी घेतली. तीन वर्षांत ती अकरा वेळा पाण्यात गेली. दिवे चौदा वेळा बदलले. माशांचा आकडा काकूंना विचारू नये.

देवगडात होड्यांना दिवे नव्हते असं नाही. उलट फार होते. नाळेवर ट्रकचा हेडलाइट, टपावर ट्यूब, मागे निळी पट्टी. नारळी पौर्णिमेला तर गणपतीच्या मखराची लुकलुकती माळ कुणाच्या तरी काठीला गुंडाळलेली असायचीच. काका धक्क्यावर उभे राहून कपाळ बडवत.

“अरे, होडीवरचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून नसतो. आपण दिसावं म्हणून असतो!”

“काका,” एक तांडेल शांतपणे म्हणाला, “माका फुडला दिसला म्हणजे झाला. मी दुसऱ्याक दिसान काय करू?”

हा प्रश्न काकांनी इतका मनाला लावून घेतला की ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी धक्क्यावर वर्गच सुरू केला. हातात एक चिंध्या झालेलं पुस्तक. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम, 1972 सालचे, 1977 पासून लागू. घरात ते देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, नित्यपाठाच्या पोथीला टेकून असतं. पोथीला कव्हर नाही, त्याला आहे.

पहिला धडा सोपा होता. डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. लक्षात कसं ठेवायचं? काका खुशीत म्हणाले, “डावे नेहमी लाल!” तेवढं सगळ्यांना पटलं. मग मागच्या ओळीतून एकाने विचारलं, “आणि उजवे हिरवे? आमच्याकडे उजवे भगवे!” पुढची पंधरा मिनिटं वर्ग समुद्राकडून विधानसभेकडे वळला तो परत आला नाही.

खरं तर त्या रंगांत एक भलतीच सुरेख युक्ती आहे आणि ती मला काकांनीच समजावली. समजा दोन यांत्रिक होड्या एकमेकींची वाट आडवी कापताहेत. उजवीकडून येणाऱ्या होडीची डावी बाजू आपल्याकडे असते, म्हणून आपल्याला तिचा लाल दिसतो, आणि नियमाने वाट आपणच द्यायची असते. तिला आपला हिरवा दिसतो. तिने आपल्या वाटेने जायचं. म्हणजे हमरस्त्यावरचा सिग्नल प्रत्येकाने स्वतःच्या कमरेला बांधून फिरायचा. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर होडी नाकासमोर येते आहे. दोघांनीही उजवीकडे वळायचं. हे जमावं म्हणून प्रत्येक बाजूचा दिवा समोरपासून नेमका एकशे साडेबारा अंशांतच दिसला पाहिजे. एक लाल, एक हिरवा मिळून दोनशे पंचवीस, उरलेले एकशे पस्तीस मागच्या पांढऱ्याचे. तीनशे साठ पूर्ण. हा हिशेब सांगताना काकांचा चेहरा जमाखर्च पैशापर्यंत जुळलेल्या सोसायटीच्या खजिनदारासारखा होतो.

सात मीटरच्या आतल्या आणि ताशी सात सागरी मैलांहून जास्त न पळणाऱ्या होडीला नियमाने एकच चौफेर पांढरा दिवा पुरतो. बाजूचे दिवे जमल्यास लावावेत, असं पुस्तक म्हणतं. काकांची होडी नेमकी याच वर्गात बसते. दुसऱ्या कुणी त्या ‘जमल्यास’वर सुखाने आयुष्य काढलं असतं. काका म्हणाले, “जमल्यास लिहिलंय ना? म्हणजे जमवायचं.”

जमवायला ते पहिल्यांदा मुंबईला गेले. दारूखान्यातल्या भंगाराच्या दुकानांतून मोडीत निघालेल्या जहाजाचे दोन पितळी दिवे आणले. एसटीच्या टपावर चढवायला दोन माणसं लागली. बसवायला सुरुवात डाव्या दिव्यापासून झाली आणि तिथेच संपली, कारण होडी डावीकडे अशी काही कलली की बघणारे कोळी टोप्या काढून उभे राहिले. ते दिवे आता काकूंच्या तुळशीवृंदावनाच्या दोन बाजूंना आहेत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. म्हणजे घराकडे तोंड केलं तर. काका त्यावरही अस्वस्थ असतात, कारण तुळस नक्की कुठल्या दिशेने चालली आहे हे ठरत नाही.

मग गावातला वायरमन आला. गुणी पोरगा. त्याने घरातली साधी वायर ओढली, दशावताराच्या रंगमंचावर वापरतात तो लाल-हिरवा जिलेटीन पेपर पांढऱ्या एलईडीवर गुंडाळला आणि दीडशे रुपयांत काम संपवलं. रात्री काकांनी दिवे लावले आणि खुर्चीत बसून राहिले. लाल गुलाबी दिसत होता, हिरवा निळसर. “ही होडी आहे की संकासुराची एन्ट्री?” त्यातच पावसाळा आला, खारी हवा वायरीत शिरली, तांब्याला कळंक चढला आणि गुलाबीसुद्धा गेला. तेव्हापासून काका कलई केलेल्या तांब्याचीच वायर वापरतात, प्रत्येक जोडावर आवळती नळी चढवतात आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवल्याशिवाय कुणाशी बोलत नाहीत.

चौफेर पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा निदान एक मीटर वर हवा. त्यासाठी काठी लागली. आंब्याच्या झेल्याची काठी लांब, हलकी आणि सरळ असते हे काकांच्या लक्षात आलं. त्या एप्रिलमध्ये काकूंनी हापूस शेजारून झेला मागून उतरवले. काठी हलू नये म्हणून तिला एक वल्हं आडवं बांधलं. हे वल्हं लक्षात ठेवा.

आणि मग तो कोनांचा दिवस. नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन काका होडीत बसले आणि मला रात्री नऊ वाजता खळ्यात होडीभोवती फिरायला लावलं. दर दोन पावलांना ओरडायचं.

“हिरवा!... हिरवा!... हिरवा!... गेला!”

“कुठे गेला?”

“विहिरीपाशी!”

“विहिरीपाशी गेला म्हणजे तीन अंश आधीच गेला! परत ये!”

शेजारच्या आजी दारात येऊन बघत होत्या. सातव्या फेरीला त्यांनी काकूंना हळूच विचारलं, “गो, कसला व्रत ह्या?”

जमिनीवरही काकांचा डोळा स्वस्थ बसत नाही. कुणकेश्वरच्या जत्रेत पिवळा लुकलुकता दिवा लावलेली रिक्षा दिसली की ते नियमाचं कलम सांगून म्हणतात, “हॉवरक्राफ्ट!” एसटीच्या मागे लाल दिवे बघून त्यांना अजून चुकल्यासारखं वाटतं, समुद्रात पाठीला पांढरा. रात्री घरात दिवे लावू देत नाहीत, अंधाराला सरावलेले डोळे एका बल्बने अर्ध्या तासाला बाद होतात म्हणून. त्यांच्याकडे मुक्कामाला गेलेल्या पाहुण्यांच्या नडग्या बघाव्यात. एलईडीच्या झोतात मासे ओढण्यावर 2017 साली केंद्राने बंदी घातली तेव्हा काकांनी पेढे वाटले. मासळीसाठी नव्हे. “माशांना दिसायला हजारो वॅट, आणि माणसांना दिसायला एक हिरवा नाही!” हा त्यांचा राग होता.

गेल्या ऑक्टोबरात, अमावास्येच्या आदल्या रात्री, काका मला होडीतून घेऊन गेले. चाचणी म्हणून. निघण्याआधी सहा वेळा दिवे लावून-विझवून झाले. खाडीतून बाहेर पडलो, किल्ल्यावरचं दीपगृह मागे राहिलं. पश्चिमेला दूर दोन पांढरे ठिपके दिसले, पुढचा खाली, मागचा वर, आणि त्यांच्याखाली बारीकसा लाल.

“मोठं धूड आहे. लाल दिसतोय, म्हणजे डावी बाजू आपल्याकडे. दक्षिणेला चाललंय.” काका उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आत्ता वर कुणीतरी सुकाणी असेल. त्याला कळलं असेल, छोटी होडी आहे, पण सगळं नियमात आहे.” माझ्या अंदाजाने तो सुकाणी त्या वेळी चहा पीत असावा, पण मी गप्प बसलो. काकांनी शर्टाची कॉलर नीट केली.

त्याच क्षणी मशीन खोकलं, एकदा ‘भुर्र’ झालं आणि बंद पडलं.

सहा वेळा तपासलेले दिवे झगझगीत जळत होते. पेट्रोलची टाकी कुणीच तपासली नव्हती.

“वल्ही?” मी म्हणालो. एक खळ्यात राहिलं होतं. दुसरं काठीला बांधलेलं. ते सोडलं की काठी वाकणार आणि पांढरा दिवा एक मीटरच्या खाली येणार, म्हणून काकांनी त्याला हात लावू दिला नाही. “आपण आता ताब्यात नसलेली नौका,” ते खिन्नपणे म्हणाले. “एकावर एक दोन लाल हवेत. पण बारा मीटरच्या आतल्या होडीला ते माफ आहेत, म्हणून मी बसवले नाहीत. सूट घेतली ना, ही अशी वेळ येते.”

तासाभराने अंधारातून दोन दिवे आले. वर पांढरा, खाली लाल. काका ताडकन उठले आणि शर्टाची बटणं लावू लागले. “पायलट बोट!”

“देवगडात? एवढ्या रात्री?”

“दिव्यावर विश्वास ठेवायचा.”

आवाज आला, “कोण ता? बत्तीकाका?” पायलट वगैरे कुणी नव्हता; तोच तांडेल होता. मासेमारीचे दिवे, लाल वर आणि पांढरा खाली, त्याला काकांनीच बसवून दिले होते. पावसाळ्यात रंगासाठी काठी उतरवली आणि चढवताना उलटी चढवली. शिवाय जाळी ओढून झाली होती, बोट घरी चालली होती. म्हणजे ते दिवे सुलट असते तरी लावायचा अधिकार नव्हता. काकांनी हे सगळं होडीत उभं राहून सांगितलं. तांडेलाने मुकाट्याने दोन्ही विझवले, दोरी फेकली. काकांनी ती धरली नाही.

“ओढणाऱ्या नौकेला पुढे एकावर एक दोन पांढरे. मागे पांढऱ्याच्या वर पिवळा.”

“माझ्याकडे पिवळी फक्त हळद आसा, काका.”

काका विचारात पडले. मग पाठ असलेलं कलम आठवलं आणि चेहरा उजळला. ओढण्याचा धंदा नसलेल्या नौकेला हे दिवे लावणं शक्य नसेल तर ते माफ आहेत. फक्त एक अट आहे. ओढली जाणारी नौका संकटात हवी, किंवा तिला मदतीची गरज हवी. अट सांगता सांगता काकांचा आवाज बारीक होत गेला.

तांडेलाने बिडी पेटवली. “मगे? गरज आसा काय नाय?”

काकांनी दीपगृहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं नाही.

“आहे,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर काका नाळेवर ओणवे होऊन टॉर्चचा झोत दोरीवर धरून बसले होते, कारण पिवळा नसेल तर दोरी उजळून दाखवावी असं पुस्तक सांगतं. ओढल्या जाणाऱ्या होडीला चौफेर पांढरा चालत नाही, फक्त पाठीचा चालतो. म्हणून त्या पांढऱ्याचे पुढचे दोनशे पंचवीस अंश झाकून मी दोन्ही हातांनी टॉवेल धरून उभा होतो. हात जरा खाली आला की काका मागे न बघता म्हणत, “गळतोय!”

धक्का जवळ आला. तिथे अंधारात एकच पांढरा दिवा होता, जागचा न हलणारा.

“नांगरलेली नौका,” काका म्हणाले.

“पेट्रोल कोण बघतला हुता?” नौकेचा आवाज आला. काकू. हातात स्वयंपाकघरातली बॅटरी.

काका काही बोलले नाहीत. दिवा धक्क्याच्या पायऱ्या उतरून आमच्या दिशेने यायला लागला. तांडेलाने बिडी पाण्यात टाकली आणि सुकाणू उजवीकडे दाबलं.

“काका,” तो म्हणाला, “नांगर उचलल्यानी.”