देवमाशांच्या हरकती व सूचना

अमेरिकेच्या नौदलाबद्दल माझं मत पहिल्यापासून चांगलं आहे. देवमाशांना त्रास देणारी नौदलं जगात पुष्कळ आहेत. पण तो त्रास किती वेळा द्यायचा हे आधी मोजायचं, त्याचे तक्ते करायचे, तक्त्यांना परिशिष्टं जोडायची आणि मग 'यावर जनतेचं काही म्हणणं आहे का?' म्हणून विचारायचं, एवढा सोपस्कार पाळणारं खातं दुसरं सापडणं कठीण.

२०१३ साली हवाई आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या सरावांचा पाच वर्षांचा हिशेब असाच मांडला गेला. पाणबुडी शोधणारं सोनार आणि पाण्यातले स्फोट मिळून सागरी सस्तन प्राण्यांना उपद्रव होणार होता सुमारे ९६ लाख वेळा. प्राणी ९६ लाख नाहीत, वेळा ९६ लाख. एकाच डॉल्फिनला सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पिडलं तर तीन धरायचे. आणि परवानगी देणाऱ्या मत्स्यखात्याचा निष्कर्ष काय, तर प्रजातींवर होणारा परिणाम नगण्य. वाचून मला भरून आलं. ९६ लाख वेळा करूनही जी गोष्ट नगण्य राहते, ती करायला हात बसलेला लागतो.

ही मोजदाद हौसेने चालत नाही. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या पर्यावरण कायद्याने तिथल्या केंद्रीय खात्यांना मोठं काम काढण्याआधी परिणामांचा अहवाल लिहायला लावलं. १९७२ च्या कायद्याने तर देवमासे, डॉल्फिन, सील यांना मारणंच काय, पिडणंही बेकायदा ठरवलं. परवाना काढला तर चालतं. नौदलाला एवढंही जाचक वाटू लागलं तेव्हा २००३ मध्ये त्यांच्या संसदेने व्याख्या सैल करून दिली. लष्करी सरावात प्राणी नुसता दचकला तर तो उपद्रव नाही. दचकून त्याने खाणं, पिलाला पाजणं, स्थलांतर करणं असलं काही सोडलं किंवा बरंच बदललं, तरच धरायचा. परवाना 'थोड्याच प्राण्यांपुरता' असावा ही अटही लष्करापुरती गेली. २०१८ मध्ये परवान्याची कमाल मुदत पाचाची सात वर्षं झाली. दर पाच वर्षांनी तेच तेच विचारायचं म्हणजे विचारणाऱ्यालाही संकोच होतोच ना.

आपल्याकडच्या जनसुनावणीची सवय असलेला माणूस तिथल्या सभेला गेला तर त्याला चुकल्यासारखं होईल. बहुतेक सभांना मांडव नाही, व्यासपीठ नाही. त्यामुळे व्यासपीठावर चढणारे नाहीत आणि त्यांना उचलून गाडीत घालणारे पोलीसही नाहीत. शाळेच्या नाहीतर हॉटेलच्या हॉलमध्ये भिंतीकडेने तिकाट्या उभ्या, तिकाट्यांवर रंगीत फलक. एकावर देवमासा, दुसऱ्यावर आवाज पाण्यात कसा पसरतो त्याची आकृती, तिसऱ्यावर नौदल पर्यावरणाची किती काळजी घेतं ते. प्रत्येक फलकाशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तज्ज्ञ, अत्यंत सौजन्यशील. तुम्ही तावातावाने काही विचारलंत की तो मान तिरकी करून सगळं ऐकून घेतो आणि सांगतो, 'छान प्रश्न आहे, पण तो पलीकडच्या फलकाचा.'

यातली खुबी घरी गेल्यावर कळते. खुर्च्या मांडून माइक ठेवला की शंभर माणसं एकमेकांचं ऐकतात. फलक मांडले की शंभर माणसं शंभर निरनिराळ्या गप्पा मारून परत जातात. ज्याला बोलायचंच आहे त्याच्यासाठी कोपऱ्यात लघुलेखक बसवलेला असतो. त्याच्यासमोर, हॉलकडे पाठ करून, आपला संताप सांगायचा. तो टकटक करत उतरवून घेतो. रागाच्या ऐन भरात 'आडनावाचं स्पेलिंग?' असं ज्याला विचारलं गेलं नाही, त्याला लोकशाही अजून पुरती कळलेली नाही.

मग या हरकती अंतिम अहवालाच्या मागे छापल्या जातात, प्रत्येकीपुढे खात्याचं उत्तर. उत्तरात हरकत घेणाऱ्याला कुणी वेड्यात काढत नाही. त्याचे आभार मानतात, अमक्या प्रकरणातला अमका उपविभाग पाहा म्हणतात. तो उपविभाग वाचूनच त्याने हरकत घेतलेली असते, ही गोष्ट निराळी.

पर्यायही दिलेले असतात, कारण कायद्याला पर्याय लागतात. २०१३ च्या अहवालात तीन होते. त्यातला 'काहीच न करणे' हा पर्याय मला फार आवडला. काहीच न करणे म्हणजे आज जेवढे बॉम्ब टाकतो, जेवढं सोनार वाजवतो, तेवढंच पुढे चालू ठेवणे. दुसऱ्या पर्यायात त्याहून थोडं जास्त, तिसऱ्यात आणखी. नौदलाची पसंती तिसऱ्याला. नागरिकाने मोकळ्या मनाने निवडावं.

उपाययोजना आहेत, आणि त्यांचा मुख्य भार दुर्बिणीवर आहे. जहाजावर टेहळणीवाले उभे असतात. देवमासा साधारण ९०० मीटरच्या आत दिसला तर सोनारचा आवाज सहा डेसिबलने उतरवायचा, ४५० मीटरवर आला तर आणखी चार, १८० मीटरवर आला की बंद. (मुळातला आवाज २३५ डेसिबल. गणपतीतल्या डीजेशी लगेच जोडी लावू नका. पाण्यातलं डेसिबल वेगळ्या मापाने मोजतात, ढोबळ मानाने ६२ वजा करावे लागतात. वजा करून जे उरतं त्यालाही आपला ठाणेदार रात्री दहानंतर परवानगी देणार नाही.) या सोनारचा सर्वांत जास्त धसका घेणारा प्राणी म्हणजे क्युव्हिएचा चोचवाला देवमासा. तो एका बुडीत सहज तासभर खाली राहतो. दक्षिण कॅलिफोर्नियाच्याच समुद्रात एकाची बुडी जवळजवळ तीन किलोमीटर खोल नोंदली गेली आहे. वर येतो तो श्वासापुरता, मोजकी मिनिटं. तेव्हा टेहळणीवाल्याला त्याने दिसायचं असेल तर दिवसाउजेडी, लाटा नसताना, दुर्बीण ज्या बाजूला आहे त्या बाजूने वर येण्याची शिस्त त्याने पाळायला हवी. रात्रीच्या सरावात काय करायचं ते त्याचं त्याने बघावं.

मार्च २००० मध्ये बहामा बेटांच्या किनाऱ्यांवर १७ प्राणी एकाएकी येऊन पडले, त्यांत बहुसंख्य चोचवाले. अमेरिकी युद्धनौका सोनार चालवत तिथून नुकत्याच गेल्या होत्या. पुढच्या वर्षाअखेरीस नौदल आणि मत्स्यखातं यांनी मिळून जो अहवाल काढला त्यात नौदलाने स्वतःच्या सोनारकडे बोट दाखवलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. २००२ मध्ये नाटोच्या सरावाच्या वेळी कॅनरी बेटांवर १४ चोचवाले आले. चिरफाड केली तर शरीरात वायूचे बुडबुडे आणि चरबीच्या गुठळ्या. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याला होतो त्या जातीचा विकार. स्पेनने २००४ मध्ये त्या बेटांभोवती सोनारवर बंदी घातली आणि तिथलं असं घाऊक मरण थांबलं. इतका सरळ उपाय असल्यामुळेच बहुधा तो दुसऱ्या कुणाच्या पर्यायांच्या यादीत शिरत नाही.

आता कोर्ट. फेब्रुवारी २००७ ते जानेवारी २००९ या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात १४ मोठे सराव ठरले होते. पर्यावरणवाद्यांनी खटला भरला, खालच्या कोर्टाने अटी घातल्या. यावर जानेवारी २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नौदलाला एका कायद्यातून सूट दिली आणि दुसऱ्या कायद्यासाठी 'आणीबाणीची परिस्थिती' जाहीर झाली. दोन वर्षांचं वेळापत्रक आधी लावून आलेल्या आणीबाण्या इतिहासात फार नसतील. १२ नोव्हेंबर २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने नौदलाच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या मते एका तराजूत देशाची सुरक्षा होती आणि दुसऱ्यात, वादी ज्यांना पाहतात व अभ्यासतात अशा प्राण्यांच्या 'अज्ञात' संख्येला होणारी इजा. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात ती अज्ञात संख्या लिहून दाखवली, आणि तीसुद्धा नौदलाच्याच कागदातून: उपद्रव सुमारे १ लाख ७० हजार वेळा, जबर इजा ५६४ वेळा, त्यांपैकी ४३६ क्युव्हिएच्या चोचवाल्यांना, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत हे चोचवाले उरलेले असतील अंदाजे १,१२१.

इथे मला माझी थट्टा थोडी आवरती घ्यावी लागते. हे आकडे देवमाशांनी दिले नव्हते, पर्यावरणवाद्यांनी बोटी घेऊन मोजले नव्हते. ज्याच्यावर आरोप त्यानेच, कायद्याने लिहायला लावलं म्हणून, मुकाट लिहून दिले होते. २०१५ मध्ये हवाईतल्या न्यायाधीश सुझन ओकी मॉलवे यांच्यासमोर त्या ९६ लाखांचं प्रकरण आलं तेव्हाही तेच झालं. परवानगी नेमकी का दिली याचं कारण त्या हजारो पानांत शोधताना आपली अवस्था कोलरिजच्या कवितेतल्या, अथांग समुद्रात तहानेने व्याकूळ झालेल्या खलाशासारखी झाली, असं त्यांनी निकालपत्रातच लिहिलं, आणि नगण्याचा तो निष्कर्ष फेटाळला. 'काहीच न करणे' हा पर्याय खराखुरा तपासला नाही, यावरही ताशेरे ओढले. त्याच वर्षी तडजोड झाली: हवाई आणि दक्षिण कॅलिफोर्नियाभोवतीच्या ठरावीक पट्ट्यांत २०१८ अखेरपर्यंत सोनार आणि स्फोटांवर बंधनं. २०१८ च्या पुढच्या अहवालात तर 'काहीच न करणे' याचा अर्थ चक्क प्रस्तावित सराव न करणे असा छापून आला. एवढा अर्थ जुळवायला एक खटला लागला, पण जुळला. तिकाट्या, फलक, लघुलेखक, आडनावाचं स्पेलिंग हा सगळा तमाशा खराच. पण तो तमाशा जाताना मागे कागद सोडून जातो आणि कागदाला पुढे दात फुटतात. डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या सात वर्षांच्या अहवालाचा मसुदा आला, पुन्हा हरकती मागवल्या गेल्या.

आता आपल्याकडे येऊ, माझगाव डॉकला. मुंबईच्या या गोदीत बांधलेली आपल्या नौदलाची 'सह्याद्री' २०१४ ला आणि २०१८ ला, आणि 'शिवालिक' २०२४ ला हवाईच्या समुद्रात रिम्पॅक या बहुराष्ट्रीय सरावाला गेली. हा सराव त्या अमेरिकी अहवालांत मोजलेला आहे. म्हणजे होनोलुलूतल्या निवृत्त मास्तरीणबाईंना, मुंबईत बांधलेली नाव जिथे जाते त्या सरावाबद्दल, नावगाव देऊन रीतसर हरकत घेता येते. तीच नाव अरबी समुद्रात सराव करते तेव्हा माझगावच्या माणसाला हरकत घ्यायला टेबलच नाही. आपल्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत खाणी आहेत, बंदरं आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. नौदलाचा सराव यादीतच नाही. आणि संरक्षणाचा एखादा प्रकल्प यादीत बसलाच, तर त्याला जनतेचं म्हणणं ऐकण्यातून सूट.

सरावाची गरज मला समजावून सांगू नका. ९ डिसेंबर १९७१ ला आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाणबुडीनेच बुडवली आणि जवळजवळ दोनशे माणसं परत आली नाहीत. पाणबुडी ऐकू येणं किती मोलाचं ते आपल्या नौदलाला कुणी शिकवायला नको. माझं म्हणणं एवढंच की ज्यांना ९६ लाख लिहायची लाज वाटली नाही त्यांच्याकडे निदान ९६ लाख आहे. आपला आकडा काय, हे विचारायला जायचं कुठे?

अगदी काहीच कळवत नाहीत असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. अमुक अक्षांश, अमुक रेखांश, अमुक वेळ, गोळीबाराचा सराव, लांब राहा, अशा सूचना निघतात. हिंदी महासागरातल्या मोठ्या टापूसाठी त्या सूचना निघतात आपल्या जलसर्वेक्षण कार्यालयातून, आणि ते कार्यालय आहे डेहराडूनला. म्हणजे वेंगुर्ल्याच्या खलाशाने आज कुठे जाळं टाकू नये हे हिमालयाच्या पायथ्याशी बसून ठरलेलं कळतं. तो ते ऐकतो, डिझेलचा हिशेब मनात करतो आणि नाव दुसरीकडे वळवतो. यात हरकत नाही आणि सूचना एकतर्फी आहे, त्यामुळे पत्रव्यवहार वाचतो.

कोकणाला देवमासे नवे नाहीत. सिंधुदुर्गाच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे दिसलेले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत रुतलं तेव्हा सगळा गाव, वनखातं, तटरक्षक दल, जेसीबी, बोटी लोटल्या. ओढून ओढून खोल पाण्यात नेलं, तरी ते पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि मेलं. सोनारचा त्याच्याशी संबंध होता असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. संबंध नव्हता असंही कुणी म्हटलेलं नाही, कारण ते कुणालाच विचारलेलं नव्हतं.

तेव्हा माझी एक लेखी सूचना आहे, आवकला नोंद करून पोच द्यावी. अरबी समुद्रातल्या सरावांवर एक जनसुनावणी घेऊन टाकावी. नियम तयारच आहेत: तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात जाहिरात, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालचा नसलेला प्रतिनिधी, सगळ्याचं चित्रीकरण, आणि संक्षिप्त अहवाल मराठीत. प्रतिवादी चोचवाले, निळे वगैरे मंडळी बहुतेक वेळ पाण्याखाली असतात, त्यांना जाहिरात वेळेवर वाचायला मिळेल की नाही ही चिंता आहे. पण त्यामुळे तारीख पुढे ढकलायचं कारण नाही. त्याच नियमांत स्वच्छ लिहिलं आहे की सुनावणी सुरू करायला कोरम लागत नाही.