ज्वाळांचे बिऱ्हाड

अमेरिकेतील यादवी युद्धात, 1864 साली, जनरल शर्मनच्या फौजेने अटलांटा शहराचा बराच भाग भस्मसात केला, आणि त्या दाहाच्या स्मृतीस अनुसरून 1972 साली तेथे अवतीर्ण झालेल्या आइस हॉकी संघाने ‘फ्लेम्स’, म्हणजे ज्वाळा, हे नाव धारण केले; परंतु अवघ्या आठ वर्षांत मालकी पालटून बिऱ्हाड कॅनडातील कॅलगरीस हलले, आणि जळलेले शहर मागे राहून ज्वाळा तेवढ्या नव्या मालकाच्या मालमत्तेत बिनतक्रार जमा झाल्या. त्याच पश्चिम कॅनडातील अरण्यांत वणवा शमल्यानंतरच्या वसंतात राखेतून मोरेल नावाची अळंबी (हिमालयातली गुच्छी ही तिची सख्खी बहीण) डोके वर काढते; ती मात्र, अडाणीच म्हणायची, जेथे जळले तेथेच उगवते, आणि परमुलखातील धनिकाचा खलिता आला म्हणून वतन सोडीत नाही. ज्वाळांप्रमाणेच क्वेबेकचे हॉकीवाले ‘नॉर्दीक’, म्हणजे उत्तरवासी, 1995 साली डेन्व्हरला गेले, तेथे निदान नाव टाकण्याइतका संकोच दाखवून ‘अ‍ॅव्हलांच’, म्हणजे हिमस्खलन, झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्टॅन्ली चषक जिंकला. क्वेबेकवासीयांनी तो आनंद कोणत्या सदरी खर्ची घालावा, याचा हुकूम अद्याप सुटलेला नाही.