आधी माईक, मग विषय

पालघरजवळच्या उमरोळीला 2013 मध्ये डहाणू लोकल आली, रिंग लाइट त्यानंतर यथावकाश आला. होतकरू क्रिएटरची खरेदी हल्ली ठरलेली: कॉलरला अडकवायचा माईक, ट्रायपॉड, दिवा. लोगोही तयार. विषय तेवढा बाकी. मग पहिला व्हिडिओ पडतो, ‘नमस्कार मित्रांनो, चॅनल सबस्क्राइब करा!’ कशासाठी, ते पुढच्या भागात.

यूट्यूबचा हिशेब मात्र कोरडा. जाहिरातींच्या पैशात वाटा हवा, तर 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघितलं जाणं, ही एक ठरलेली वाट. म्हणजे तीन मिनिटांचा व्हिडिओ 80 हजार वेळा, तोही शेवटपर्यंत. घरचे सगळे आणि वर मावशी धरली, तरी बेरीज जमत नाही.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं 2020 मध्ये उलटं झालं. स्वयंपाक आधीपासून येत होता. मोबाइल नातवाने धरला. ‘आपली आजी’ हे त्यांचं चॅनल लाखोंनी पाहिलं.

उमरोळीच्या आसपास विषयांचा दुष्काळ मुळीच नाही. सातपाटीची पापलेटं आहेत, डहाणूचा चिकू आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रांनी 2011 मध्ये पद्मश्री मिळवून दिली, तीही एका हॅशटॅगशिवाय. 1969 पासूनचं तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. तिथे मात्र कॅमेरा खिशातच बरा.

आणि रुळांवर उतरून रील काढणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. ते व्ह्यूज पोलिसही मोजतात.