बिगर रेडिओची व्हाइस सिटी

‘व्हाइस सिटी’ जुनी भारी की रिमास्टर केलेली, या वादात नांदेडकरानं पडूच नये. जुनी आम्ही खेळलोय कुठं? २००२ साली निघालेला हा गेम आमच्यापर्यंत पोचला तेव्हा कुणा पुण्यवंतानं त्यातलं जे जे काढता येईल ते काढून टाकलेलं. सगळ्यात आधी गेला होता रेडिओ. ज्या रेडिओवर जगभरचे लोक जीव टाकतात, ऐंशीच्या दशकातली गाणी लावून मायामीसारख्या त्या शहरात नुसतेच हिंडतात, तो आमच्याकडं मुका. टॉमी व्हर्सेटी चोरलेल्या गाडीत बसायचा आणि शेजारच्या कंप्युटरवरून हिमेश रेशमिया सुरू व्हायचा. त्या गुंडाला ते नाकातलं गाणं शोभायचंही. त्यामुळं रिमास्टरमध्ये हक्कांच्या भानगडीत काही गाणी गळाली, म्हणून लोक हळहळले तेव्हा मी निवांत होतो.

तरोडा नाक्याजवळ आमचा कॅफे. तासाला दहा रुपये. गेम सेव्ह करायला आठ खाने आणि खेळणारी अख्खी गल्ली, त्यामुळं सकाळी बंगल्याचा मालक असलेला आपला टॉमी संध्याकाळी परत हॉटेलच्या खोलीत. त्यात लोडशेडिंग. सेव्ह करायला गाडी घेऊन घरापर्यंत जावं लागायचं आणि वीज नेमकी पुलावर जायची. चीट कोड फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर. ‘पँझर’ टाइप केलं की समोर रणगाडा हजर. त्या पानाच्या जेवढ्या झेरॉक्स निघाल्या तेवढ्या फिजिक्सच्या नोट्सच्याही निघाल्या नसतील.

२०२४ साली भाचा लातूरला होता, औसा रोडला खोली करून, नीटच्या तयारीला. २०२३ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सनं ‘व्हाइस सिटी’सकट जीटीएचे तीन जुने गेम नव्या रूपात मोबाइलवर दिले. भावजी पैसे भरतात ते मालिकांसाठी. त्यातच हे आलेलं, याचा त्यांना पत्ता नव्हता. डबा घेऊन मी खोलीवर गेलो तेव्हा भाचा मायामीत होता.

हे रिमास्टर २०२१ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा आलं तेव्हा बोंबाबोंब झाली होती. जुनी चित्रं मोठी करायचं काम यंत्रावर सोपवलेलं, त्यानं दुकानांच्या पाट्यांची स्पेलिंगं बिघडवली. आमच्याकडं हेच काम रंगारी हातानं करतो आणि कुणी माफीबिफी मागत नाही. गेम काढणाऱ्या रॉकस्टारनं मात्र जाहीर माफी मागितली, वर कंप्युटरवर नवं घेणाऱ्यांना जुने गेम फुकट दिले. सगळ्यात मोठी तक्रार पावसाची. पांढऱ्या रेघा अशा पडायच्या की रस्ताच दिसेना. मी हे सांगितल्यावर भाच्यानं मोबाइलमधनं मान वर केली.

“पाऊस जास्त पडायलाय म्हणून तक्रार? लातुरात बोलू नका मामा.”

बरोबर आहे. २०१६ साली या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. घरमालकीणबाई अजून पिंपं उपडी करत नाहीत.

माझी खरी तक्रार धुक्याची. जुन्या प्लेस्टेशनची मेमरी तुटपुंजी, लांबचं दाखवायची ऐपत नाही, म्हणून तिघांतल्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये लांबवर सगळं धुरकट सोडलेलं. त्या धुरकटामुळं ते राज्य अफाट वाटायचं. रिमास्टरवाल्यांनी ते पुसलं आणि उंचावर उभं राहिलं की इकडचं शहर, तिकडचा डोंगर, सगळं एका नजरेत. अख्खं राज्य म्हणायचं, पण लोहा तालुक्याएवढंही भरेना. नांदेडचंही २००८ ला असंच झालं. शिखांच्या गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी रस्ते रुंद केले, शहर उजळलं, आणि लांब पडतं म्हणून टाळता येणारं आत्याचं घर दहा मिनिटांवर आलं. रस्ते चांगलेच झाले, त्यात वाद नाही. पण आता आत्याला काय सांगायचं? गेमवाल्यांना तरी उपरती झाली. मोबाइलनंतर २०२४ च्या नोव्हेंबरात कंप्युटरवरही जुन्यासारखा उजेड पाडायची सोय त्यांनी दिली. तीन वर्षं खपून नवं जुन्यासारखं केलं.

एका बाबतीत मात्र मी नव्याच्या बाजूनं. व्हाइस सिटीतलं ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर! अर्धवट बांधलेल्या इमारतीत ते जिन्यानं वर न्यायचं, एकेका मजल्यावर बॉम्ब ठेवायचा, वर कामगार हातात सापडेल ते घेऊन मारायला धावतात. ते उडवायचं आकड्यांच्या बटणांवर, आणि आमच्या कॅफेत त्यातलंच एक बटण उपटलेलं. त्या भोकात काडेपेटीची काडी दाबून धरायची, दुसऱ्या हातानं उंची सांभाळायची. आपटलं की पार दुरून गाडी मारत परत यायचं. आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं गुंडगिरी सोडून तिथंच थांबली. नव्यात आपटलं की तिथल्या तिथं पुन्हा सुरू. भाचा आपटत होता, पुन्हा सुरू करत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलंच दुःख नव्हतं.

“द्या इकडं,” मी मोबाइल घेतला. बटणंच नाहीत, नुसती काच. हेलिकॉप्टर जिन्यात शिरलं आणि तेवढ्यात पडद्यावर भावजींचा फोन.

“काय म्हणतोय अभ्यास?”

“चालू आहे की. एका ठिकाणी जरा अडकायलाय.”

“कशात? फिजिक्समध्ये?”

“हो,” मी म्हणालो, “गुरुत्वाकर्षणात.”