कागदाचे परदेशगमन: भिवंडीहून आखातापर्यंत

भिवंडीहून परदेशी जाण्याचा रस्ता ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून जातो, ही गोष्ट भूगोलाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळत नसली, तरी शहरातल्या कोणत्याही एजंटाच्या टेबलापाशी बिनचूक कळते. गंतव्य दुबई असो, मस्कत असो की रियाध, प्रवासाचा पहिला टप्पा अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी आणि बाळकुम असाच असतो. प्रवासवर्णनकारांनी आजवर या टप्प्याकडे पाठ फिरवली, याचे कारण बहुधा असे की, अरबी समुद्र ओलांडायला किती वेळ लागेल हे विमान कंपनी छापून देते, कशेळीचा पूल ओलांडायला किती वेळ लागेल हे मात्र कोणीही लेखी देत नाही. गोदामांकडे निघालेले कंटेनर आणि पासपोर्टकडे निघालेले अर्जदार या पुलावर एकमेकांना भेटतात, आणि त्यांपैकी कंटेनरची कागदपत्रे बहुधा आधीच पूर्ण झालेली असतात.

पासपोर्ट, म्हणजे शासकीय मराठीतले पारपत्र, वागळे इस्टेटमधल्या ज्या पारपत्र सेवा केंद्रात मिळवायचे, तिथे जाण्यापूर्वीच त्याचे शुल्क ऑनलाइन भरावे लागते, कारण शुल्क भरल्याशिवाय भेटीची वेळ मिळत नाही आणि वेळ मिळाल्याशिवाय दारावरचा रखवालदार आत सोडत नाही. प्रौढ व्यक्तीच्या ३६ पानी पुस्तिकेला १५०० रुपये, ६० पानी पुस्तिकेला २००० रुपये आणि अल्पवयीनांसाठी १००० रुपये असा दर आहे. ८ वर्षांखालील बालकांना व ६० वर्षांवरील ज्येष्ठांना नव्या अर्जावर १० टक्के सूट मिळते, ज्यातून शासनाच्या मते माणसाला स्वस्तात परदेशी जावेसे वाटण्याची वये कोणती, हे सूचित होते. घाई असणाऱ्यांसाठी तत्काळ योजना आहे आणि तिचे जादा २००० रुपये आहेत. म्हणजे घाईची किंमत ३६ पानी पुस्तिकेच्या किमतीहून अधिक आहे, आणि ही गोष्ट भिवंडीच्या व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. हे १५०० रुपये २०१२ साली ठरले आणि तिथेच थांबले. तेव्हापासून सुताचा भाव, विजेचे बिल, रिक्षाचे भाडे आणि वडापावाची किंमत ही सगळी वर चढत असताना न हललेली वस्तू भिवंडीकराने कुठे पाहिली असेल, तर ती हीच.

तथापि, हे शुल्क अर्जदाराला खऱ्या अर्थाने समजते ते त्याचे मीटरमध्ये रूपांतर केल्यावरच. भिवंडीच्या यंत्रमागाच्या धंद्यात मजुरीवर कापड विणून देणाऱ्या कारखानदाराला मोबदला ‘पिक’च्या हिशेबाने मिळतो, पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी, आणि एका इंचात जितके पिक तितके गुणिले ठरलेले पैसे, असा मीटरमागचा दर निघतो. उदाहरणापुरते इंचाला ५२ पिक आणि पिकाला १० पैसे धरले, तर मीटरला ५ रुपये २० पैसे पडतात, आणि त्या मापाने साधे पारपत्र सुमारे २८८ मीटर लांबीचे ठरते. तत्काळ पारपत्र ६७३ मीटरांवर जाते. गुन्हेगारीची नोंद नसल्याचा जो पोलिस दाखला परदेशी मालक मागतो, त्याचे शुल्क ५०० रुपये असल्याने काहीही न केल्याचा पुरावा ९६ मीटरांत बसतो, आणि तो सर्वांत हलक्या कापडाचा मानला पाहिजे.

वागळे इस्टेटच्या केंद्रात प्रवेश मिळाल्यावर अर्जदार ए, बी आणि सी या तीन प्रकारच्या खिडक्यांतून पुढे सरकतो. ए खिडकीवर खासगी कंपनीचे कर्मचारी कागद स्कॅन करतात, बोटांचे ठसे घेतात आणि छायाचित्र काढतात. बी खिडकीवर शासकीय अधिकारी कागद तपासतो. सी खिडकीवर त्याहून वरिष्ठ अधिकारी पारपत्र द्यावे की नाही हे ठरवतो. स्टुडिओतून खास काढून आणलेली, मागे पांढरा पडदा आणि अंगावर उसना कोट असलेली छायाचित्रे इथे कोणी मागतच नाही, ही बातमी अर्जदाराला ए खिडकीवर कळते. तोवर तो सकाळी सहाला घरातून निघून, सामायिक रिक्षाच्या तिसऱ्या आसनावर अर्धवट बसून आलेला असतो, त्यामुळे पुढील १० वर्षे ज्या मुद्रेने तो जगाच्या विमानतळांवर ओळखला जाणार, ती मुद्रा काल्हेरच्या खड्ड्यांनी घडवलेली असते.

यानंतर पोलिस पडताळणी येते. तिचे वेगळे शुल्क नाही, असे अधिकृतपणे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. चहा पाजणे हा भारतीय आतिथ्याचा भाग असून त्याची पावती कोणत्याही संस्कृतीत दिली जात नाही.

परदेशगमनाचा हक्क आणि त्याचे शुल्क हे दोन वेगळे विषय आहेत, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी प्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे आणि कायद्याशिवाय सरकारला पारपत्र मर्जीनुसार नाकारता येणार नसल्याचे सांगितले. तोवर तसा कायदाच नसल्याने सरकारची धावपळ उडाली आणि त्याच वर्षी २४ जून रोजी पारपत्र अधिनियम अस्तित्वात आला. न्यायालयाने स्वातंत्र्य दिले. ते फुकट द्यावे, असे मात्र निकालात म्हटले नाही, आणि शासनाने निकालाचे हे मौन काळजीपूर्वक वाचले.

शुल्क थोडे आणि खर्च फार, ही रचना आधुनिक नाही. भिवंडीच्या खाडीला ती चार शतकांपूर्वीपासून परिचित आहे. वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना अरबी समुद्रात जाणाऱ्या जहाजाला त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना बाळगावा लागे, ज्यात जहाजाचे नाव, तांडेलाचे नाव, शस्त्रे, माल आणि गंतव्य लिहिलेले असे. परवान्याची स्वतःची किंमत किरकोळ होती. मात्र परवाना घेतलेल्या जहाजाने पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी, अशी त्यात अट असे आणि खरी वसुली त्या थांब्यावर होत असे. म्हणजे आज झेरॉक्सचे दुकान कार्यालयाच्या दारात असते, त्याच तत्त्वावर वसईचे जकातघर उभे होते. कल्याण-भिवंडीहून समुद्राकडे जाणाऱ्या गलबताला तर वसईच्या तोंडावरूनच बाहेर पडावे लागे, तेव्हा वागळे इस्टेट चुकवता येत नाही ही आजच्या भिवंडीकराची तक्रार नवी मानता येत नाही. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच याच खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. पुढे कान्होजी आंग्रे यांनी तर आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आपलेच दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे असा आग्रह धरला. परवाने देणाऱ्यांनी दुसऱ्याच्या परवान्याला लूट म्हटले, आणि स्वतःच्या परवान्याला व्यवस्था. हा मतभेद अजून मिटलेला नाही.

पारपत्र हाती आल्यावर माणसाचा प्रवास सोपा होतो आणि कागदाचा सुरू होतो. नोकरीनिमित्त दुबईत स्थिरावलेल्या भिवंडीकराला पत्नीला तिकडे न्यायचे असेल, तर विवाहाचे प्रमाणपत्र लागते, जे १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमानुसार महानगरपालिकेत मिळते. मात्र दुबईच्या अधिकाऱ्याने भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या निबंधकाची सही ओळखावी, अशी अपेक्षा व्यवहारात धरता येत नाही. म्हणून ती सही राज्य शासन ओळखते, राज्य शासनाची सही परराष्ट्र मंत्रालय ओळखते, मंत्रालयाची सही मुंबईतली अमिरातीची वकिलात ओळखते, आणि वकिलातीची सही अमिरातीचे परराष्ट्र खाते ओळखते. या साखळीतील प्रत्येक जण फक्त आधीच्या सहीपुरते उत्तरदायित्व घेतो. कागदावर काय लिहिले आहे याची जबाबदारी आपल्यावर नाही, असे परराष्ट्र मंत्रालय स्पष्टच सांगते. त्यामुळे चार शासकीय यंत्रणांनी प्रमाणित केलेल्या विवाहात विवाह प्रत्यक्ष झाला होता का, हे सांगण्यास शेवटी वऱ्हाडी मंडळीच तेवढी उरतात.

या प्रवासातला सर्वांत अनपेक्षित अडथळा प्लास्टिकचा असतो. कागद जपावा म्हणून भिवंडीतील कुटुंबांनी पदव्या, जन्मदाखले आणि विवाहपत्रे हौसेने लॅमिनेट करून ठेवलेली असतात, आणि प्लास्टिकवर शिक्का उमटत नसल्याने असा कागद स्वीकारला जात नाही. प्लास्टिक चढवण्याचे पैसे दिलेल्या त्याच माणसाला आता ते सोलून काढण्याचे पैसे द्यावे लागतात; सोलताना शाई निघून आली, तर नवी प्रत काढण्याचे शुल्क वेगळे. काळजीवर इतकी दुहेरी आकारणी करणारी दुसरी व्यवस्था शोधणे अवघड आहे.

ही साखळी तोडण्याचा एक प्रयत्न हेगमध्ये ५ ऑक्टोबर १९६१ रोजी झाला. त्या कराराने ‘अपोस्टिल’ नावाची पद्धत सुरू केली, जिच्यात कागद जारी करणाऱ्या देशाने एक ठरावीक प्रमाणचिठ्ठी चिकटवली की सदस्य देशांच्या वकिलातींकडे जाण्याची गरज राहत नाही. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. ओमान आणि बहरीन पूर्वीच सदस्य झाले, सौदी अरेबियात तो डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, तर अमिराती, कतार आणि कुवेत अद्याप बाहेर आहेत. परिणामी नकाशावर काहीही दिसो, भिवंडीच्या विवाहपत्राला रियाध दुबईहून जवळ आहे. विनोदाचा भाग असा की, मंत्रालयाच्या अपोस्टिलला कागदामागे ५० रुपये पडतात आणि करारबाह्य देशांसाठीचे साधे प्रमाणीकरण मंत्रालय विनाशुल्क करते. म्हणजे जवळच्या रस्त्याला टोल आहे आणि लांबचा रस्ता मोफत आहे. अर्थात मंत्रालय नागरिकाकडून कागद थेट स्वीकारत नाही, नेमलेल्या खासगी संस्थांमार्फत स्वीकारते, आणि त्यांचे सेवाशुल्क, स्कॅनिंग, कुरिअर व भिवंडीतल्या एजंटाचे ‘सगळे मिळून’ अशी बेरीज झाल्यावर त्या ५० रुपयांचा शोध पावतीवर भिंग लावून घ्यावा लागतो.

दहावी न झालेल्या कामगाराचा मार्ग आणखी वेगळा आहे. त्याच्या पारपत्रावर उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते आणि ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखाली परवानगी घ्यावी लागते. नोंदणीकृत भरती एजंटाला त्याच्याकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक घेता येत नाही. नोंदणी नसलेल्या एजंटाला अशी कोणतीही मर्यादा घातलेली नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो, आणि अस्तित्वात नसलेल्या माणसाने घेतलेले पैसे परत मिळवणे हा वेगळाच प्रवास आहे. या सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे प्रवासी भारतीय विमा योजना: दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि संरक्षण १० लाखांचे. ५३ मीटरांत इतका दिलासा भिवंडीत दुसरीकडे मिळत नाही, आणि एजंट या योजनेबद्दल सर्वांत कमी बोलतो.

दुबईत पोहोचलेल्या कागदाला तिथल्या परराष्ट्र खात्याच्या शेवटच्या शिक्क्यासाठी १५० दिऱ्हम मोजावे लागतात. माणसाचीही सुटका होत नाही, कारण पारपत्राची मुदत संपते आणि नवे तिथल्या भारतीय वकिलातीतून घ्यावे लागते, जिथे तीच ३६ पाने २८५ दिऱ्हमांना पडतात. त्यांवर भारतीय समुदाय कल्याण निधीचे ८ दिऱ्हम असतात, आणि एकूण बिलात हीच रक्कम सर्वांत कमी कुरकुरीने दिली गेली पाहिजे. २००९ साली स्थापन झालेल्या या निधीतून मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या कामगारांची तिकिटे, तात्पुरता निवारा आणि परदेशात मृत्यू आलेल्यांचे देह मायदेशी आणण्याचा खर्च होतो. दिऱ्हमचा भाव २३ रुपयांच्या आसपास धरला, तर वागळे इस्टेटमध्ये २८८ मीटरांना मिळालेली वस्तू दुबईत सव्वा किलोमीटरच्या पुढे जाते.

दुबईत मूल जन्मले की कागद उलट्या दिशेने चालू लागतो. तिथला जन्मदाखला भारतात चालावा म्हणून आता आधी अमिरातीचे परराष्ट्र खाते शिक्का मारते, मग भारतीय वकिलात त्या शिक्क्यावर शिक्का मारते, आणि दोन्ही ठिकाणची शुल्के दिऱ्हमात भरून हा दाखला आजोबांच्या पिशवीतून भिवंडीतल्या शाळेच्या कार्यालयात दाखल होतो. लिपिक तो उलटसुलट करून पाहतो, पाठीमागची मोहोरांची गर्दी न्याहाळतो, मूळ प्रत आदराने परत करतो आणि एक झेरॉक्स मागतो, जी शाळेसमोरचा दुकानदार नेहमीप्रमाणे फक्त पुढच्या बाजूचीच काढून देतो.