घरी करतो!

नानांच्या ऑस्करला सगळं येतं. बस म्हटलं की बसतो, थांब म्हटलं की थांबतो, हाक मारली तर तोंडातलं हाड टाकून धावत येतो. फक्त हे सगळं तो घरी करतो. जिना उतरला की त्याच्या डोक्याची पाटी कोरी होते.

हा नमुना, म्हणजे नाना, तुम्हाला नवा नसणार. नात पाहुण्यांसमोर 'शुभं करोति'सुद्धा म्हणेना, की "काल अख्खी रामरक्षा म्हणाली हो" असं सांगणारे आजोबा ते हेच. दवाखान्यात बीपी वाढलेलं निघालं की "घरी नॉर्मल असतं." लॅबच्या रिपोर्टात साखर जास्त आली की "घरच्या मशीनवर एवढी नसते." सोसायटीच्या कोजागिरीला भावगीताचा सूर आडवा गेला, तर माइकवरूनच, "घरी बरोबर लागतो." नाना पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या कालव्याचं पाणीही कागदावर अगदी शेवटच्या शेतापर्यंत पोचत असे. त्यामुळे ही सवय जुनी आहे, बिचाऱ्या कुत्र्यामुळे लागलेली नाही.

माझा या प्रकरणाशी संबंध गाडीपुरता. अंगठ्याएवढं पिल्लू म्हणून आणलेला लॅब्रॅडॉर वर्षभरात पोत्यासारखा झाला आणि कोथरूडातला एकही रिक्षावाला त्याला घेईना. नाना स्कूटरवाले. तेव्हा रविवारी सकाळी पावणेसातला माझी गाडी, माझं पेट्रोल आणि माझी झोप अशा तिन्ही गोष्टी ऑस्करच्या शिक्षणाला लागल्या. गाडीत त्याचे इतके केस झालेत, की मेकॅनिकने मला कुत्रं कोणत्या जातीचं आहे ते न विचारता सांगितलं.

एका शाळेच्या मैदानावर हा वर्ग भरतो. बेसिक ओबीडियन्स, नवशिक्यांची बॅच. शिकवणारी मुलगी पंचविशीतली, पायात चिखलाचे बूट, कमरेला खाऊची पिशवी. ती कुत्र्यांवर कधीच आवाज चढवत नाही. माणसांवर चढवावासा वाटतो तेव्हा बाटलीतलं पाणी पिते. नानांच्या वेळेला ती दोन बाटल्या आणते.

पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना विचारलं, "काय काय येतं?" एक आयटीतलं जोडपं होतं. त्यांचा बीगल जमिनीला नाक लावून निघाला होता आणि जोडपं त्याच्या मागून फरफटत चाललं होतं. "घरी सगळं करतो," दोघं एकदम म्हणाली. एका काकूंच्या कडेवर पांढरी पॉमेरेनियन. "घरी पाहुण्यांना शेकहँड करते हो," आणि त्याच क्षणी ती मुलीच्या बोटाला चावली. एक जाड मिशांचे गृहस्थ जर्मन शेफर्ड घेऊन आले होते. "एक आवाज दिला की घरी चळाचळा कापतो," ते म्हणाले. शेफर्ड त्यांच्या बुटावर लघवी करत होता. कॉलेजमधल्या एका पोराने रस्त्यावरचं गावठी कुत्रं आणलं होतं, ते मात्र काही न बोलता शांत बसलं होतं. पोरगा ओशाळून म्हणाला, "याला घरी काहीच येत नाही."

दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. वर्षानुवर्षं, घरोघरच्या कॅलेंडरवर, पट्टा नाही, साखळी नाही, खाऊ नाही. मला त्या चौघांबद्दल नेहमीच आदर होता, त्या दिवशी दुणावला.

नाना तयारीने आले होते. नाना कुठेही तयारीनेच जातात. वही होती, वहीला समास पाडला होता. पाव्हलॉव्हला नोबेल १९०४ मध्ये मिळालं, पण ते कुत्र्यांना शिकवल्याबद्दल नव्हे, पचनसंस्थेवरच्या कामाबद्दल, हे त्यांनी मिशाळ गृहस्थांना, काकूंना आणि कुंपणापलीकडच्या दूधवाल्याला सांगितलं. कॅरन प्रायर नावाच्या बाई आधी हवाईत डॉल्फिनना शिकवत. तिथलं शिट्टी आणि मासळीचं तंत्रच पुढे कुत्र्यांच्या क्लिकरमध्ये आलं. बाईंचं १९८४ चं पुस्तक नानांनी नातवाकडून मागवून घेतलंय. त्यातून त्यांनी एकच गोष्ट उचलली: "डॉल्फिनला साखळी घालता येत नाही, लक्षात घ्या." हे ते आता कुठेही म्हणतात. परवा वॉचमन झोपलेला सापडला, तेव्हा त्यालाही म्हणाले.

खाऊचा तर वेगळाच अध्याय. मुलीने सांगितलं होतं, उकडलेलं चिकन आणा, वाटाण्याएवढे तुकडे करून. नाना पक्के शाकाहारी. माईंनी चिकन स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, म्हणून गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी सुरी. नाना नाकाला पंचा बांधून ते शिजवतात आणि तुकडे करतात. सगळे एका मापाचे, धार मारल्यासारखे. खात्यात असताना हेच लक्ष खडीच्या मापावर दिलं असतं, तर आमच्या गावाकडचा कालवा फुटला नसता.

आता प्रत्यक्ष बसणं. पद्धत सोपी आहे. तुकडा कुत्र्याच्या नाकाशी धरायचा आणि हळूच कानांच्या दिशेने मागे न्यायचा. तुकडा बघायला डोकं वर जातं, डोकं वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी 'येस' म्हणून तुकडा द्यायचा. नाना तुकडा धरत थेट स्वतःच्या छातीपाशी. ऑस्कर मागच्या दोन पायांवर उभा राही, पुढचे दोन नानांच्या खांद्यावर ठेवी आणि दोघं लग्नातल्या फोटोसारखे दिसत.

"सिट! ऑस्कर, सिट! अरे सिट! सिट रे बाबा!"

"नाना, एकदाच म्हणा," मुलगी सांगायची. "चार वेळा म्हणालात, तर चौथ्यांदा म्हटल्यावर बसायचं असतं असं तो शिकेल."

"घरी एकदाच म्हणावं लागतं."

मुलगी पाणी प्यायली.

एकदा ऑस्करने काकूंची खाऊची पिशवी साखळीसकट हाणली. पॉमेरेनियनने आकांत केला. नानांनी वही उघडली. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅब्रॅडॉरच्या एका जनुकात दोष सापडला. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये त्या जनुकाचा तुकडाच गायब असतो, आणि अशा कुत्र्याची भूक काही केल्या भागत नाही. "हा आजार आहे, काकू. हावरटपणा नव्हे." काकूंनी विचारलं, तपासणी केली का? नाना म्हणाले, त्याची गरज काय, दिसतंय की. मग दुसरं पान उलटून, माणसांना मदत करायला जे लॅब्रॅडॉर तयार करतात त्यांच्यात हा दोष फार मोठ्या प्रमाणात सापडला, कारण बहुधा खादाड कुत्र्याला शिकवणं सोपं जातं, असंही त्यांनी वाचून दाखवलं. "म्हणजे दोष कसला, ही तर पात्रता झाली." पात्रताधारक तोवर पिशवीची चेन चघळत होता.

असंच चाललं असतं. पण एका रविवारी मुलीने पाण्याची बाटली बाजूला ठेवली आणि विचारलं, "नाना, घरी करतो म्हणजे नक्की कुठे करतो?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. नाना खुलले. हॉलमध्ये. फ्रिजसमोर. संध्याकाळी. नाना आरामखुर्चीत, मांडीवर वाटी.

"मग त्याचं बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही त्याला बसायला शिकवलंच नाहीये. नाना आरामखुर्चीत, मांडीवर वाटी, मागे फ्रिज, एवढं दिसलं की बूड टेकायचं, हे तो शिकलाय. इथे तुम्ही उभे, बूट घातलेले, आवाज ऑफिसातला. हे त्याला निराळंच काहीतरी वाटतं. माणूस एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरतो. कुत्र्याला प्रत्येक जागी जवळजवळ पहिल्यापासून शिकवावं लागतं. आधी जिन्यात, मग गेटपाशी, मग इथे."

म्हणजे 'घरी करतो' हे शास्त्रशुद्ध विधान निघालं. नानांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं त्याला मी विजय म्हणणार नाही, पण परतीच्या वाटेवर त्यांनी ते वाक्य एकदाही उच्चारलं नाही. ज्याचा निकाल लागलाय ते कशाला बोला, असा त्यांचा भाव होता.

पुढच्या रविवारी खाली आलो, तर गाडीशेजारी आरामखुर्ची. तीच, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, हातावर चहाच्या कपाचे गोल डाग असलेली.

"नाना, जिन्यापासून सुरुवात करायची होती ना?"

"कॅनॉल खोदताना दोन्ही टोकांकडून सुरुवात करतात," नाना म्हणाले. "डिकी उघडा."

मैदानाच्या मधोमध खुर्ची मांडली गेली. नाना बसले, मांडीवर वाटी घेतली, बूट काढले. बनियनवर येण्याचा त्यांचा विचार होता, तो माईंनी हाणून पाडला होता. बीगल थांबला, जोडपं थांबलं. नाना अगदी संध्याकाळच्या आवाजात म्हणाले, "बस रे." ऑस्करने खुर्ची हुंगली, वाटी हुंगली, नानांचे पाय हुंगले आणि बूड टेकलं. लगेच, एका शब्दात. मिशाळ गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी मला हळूच विचारलं, पुढच्या वेळी फ्रिज आणणार का? मलाही तीच भीती होती.

त्यानंतर मात्र नाना चिकाटीने कामाला लागले, हे मान्य केलं पाहिजे. खुर्ची जिन्यात आली, मग गेटपाशी, मग बसस्टॉपच्या मागे. रोज संध्याकाळी नाना रस्त्याच्या कडेला आरामखुर्चीत आणि समोर ऑस्कर. लोकांना वाटलं, नानांचं घरी भांडण झालंय. मग वाटी गेली. मग नाना खुर्चीच्या काठावर बसू लागले, मग खुर्चीला टेकून उभे, मग नुसते उभे. पावसाळा संपता संपता ऑस्कर मैदानावर चक्क बसू लागला, आडवा होऊ लागला, पट्टा सैल ठेवून चालू लागला. हाक मारली की यायचा, वाटेत काकूंची पिशवी असली तरी. बहुतेकदा.

राहिला फक्त 'स्टे'. कुत्र्याला बसवायचं, थांब म्हणायचं, पाठ फिरवून वीस पावलं जायचं, वळायचं, परत यायचं. शेवटच्या रविवारी परीक्षा होती. बीगल पास झाला. शेफर्ड पास झाला आणि मिशाळ गृहस्थांनी डोळे पुसले. गावठी कुत्रं तर पोरगा परत आला तरी उठेना. ऑस्कर बसला. नाना दोन पावलं गेले आणि मागे वळून पाहिलं. तो उठला.

"मागे बघू नका, नाना. तुम्ही बघितलंत की त्याला बोलावल्यासारखं वाटतं."

पुन्हा बसवला. तीन पावलं. नानांची मान वळली. पुन्हा. मान नाही वळली, पण खांदा वळला, कुत्र्याला तेवढं पुरतं. मुलगी म्हणाली, एक गाणं म्हणत चाला. नाना गाणं म्हणत निघाले, आणि तिसऱ्या ओळीवर मागे वळून त्यालाच ऐकवू लागले. मी कट्ट्यावर बसून मनात टोमणे जमवत होतो. आज माई आल्या होत्या, शेजारी त्याच आरामखुर्चीत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाहेर पडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

"मुंबईला विमानतळावर मुलाला सोडायला गेलो होतो," त्या मैदानाकडे बघतच म्हणाल्या. "हे गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, पार्किंगला फार पैसे घेतात. मी एकटीच आत गेले त्याच्याबरोबर. परत आले, तर ड्रायव्हर म्हणाला, साहेब मघापासून गाडीभोवती फेऱ्या मारतायत."

मैदानात नाना चौथ्या पावलावर होते.

ऑस्करला प्रमाणपत्र मिळालं, त्यावर 'स्टे' समोर रेघ होती. नानांनी ती रेघ बघितली, वहीत ठेवली आणि पुढच्या बॅचची फी तिथल्या तिथे भरली. नापास विषय घेऊन वर जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मला म्हणाले, पुढल्या महिन्यापासून वेळ साडेसहाची आहे, आणि डिकी रिकामी ठेवत जा, तुमच्या त्या छत्र्या अडचण करतात.

खुर्ची डिकीत कोंबताना मी माईंना म्हटलं, "कुत्रा राहील हो. नानांचंच कठीण दिसतंय. घरी जमतं का त्यांना?"

"घरी?" माई म्हणाल्या. "घरी तर मुळीच नाही. कोथिंबीर आणायला खाली गेले, तर जिन्यातून दोनदा परत येतात. एकदा पिशवी विसरली म्हणून आणि एकदा ऑस्करने पाहिलं म्हणून."