निगेटिव्ह कुठाय?

फोन पाण्यात पडला. फोन बसमध्ये राहिला. फोन रात्री चांगला होता, सकाळी उठून बघतोय तर काळा. यातलं एकही वाक्य ज्या घरात कधी बोललं गेलं नाही, असं घर शहापुरापासून निपाणीपर्यंत शोधून दाखवा. त्यापुढचं वाक्यही सगळीकडे तेच. "फोनचं जाऊ दे, आत फोटो होते."

आणखी कुठं होते?

कुठंच नाही. दहा वर्षांचा संसार एका काचेच्या तुकड्यात भरलाय आणि तो तुकडा वरच्या खिशात घालून आपण बेळगावात खडेबाजारच्या गर्दीत फिरतोय.

आमच्या लहानपणी फोटो स्टुडिओवाले निगेटिव्ह पाकिटात घालून, पाकिटावर नंबर टाकून जपून ठेवायचे. अल्बम पोरानं फाडला, पावसात भिजला, वाटणीत थोरल्याकडे गेला, तरी दुकानात जाऊन नंबर सांगितला की चार-आठ दिवसांत नवी प्रत हातात पडायची. तीस रुपयांचा फोटो काढणाऱ्या माणसालाही दुसऱ्या प्रतीची सोय होती आणि ती सोय दुसऱ्याच्या छपराखाली होती. आज पंचवीस हजारांचा फोन घेणाऱ्याला ती नाही. फोटो हजारपट वाढले, निगेटिव्ह गेली.

मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात मध्यंतरी अर्धा तास बसायची वेळ आली. एक गृहस्थ बंद पडलेला फोन घेऊन आले होते. वडील गेले, त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांचे फोटो त्यात होते. दुकानदारानं फोन उघडला, मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. "मेमरी तेवढी काढून द्या की, काय होतील ते पैसे देतो." निघत नाही. हल्लीच्या फोनात मेमरीची चिप बोर्डावर पक्की बसवलेली असते आणि तिच्यातलं सगळं कुलूपबंद असतं. त्या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरात. प्रोसेसर मेला की किल्ली मेली. चोराच्या हाती आपलं काही लागू नये म्हणून केलेली ही सोय, आणि चांगलीच सोय आहे. पण ती मालकालाही आत घेत नाही. त्या गृहस्थांनी फोन रुमालात गुंडाळला आणि काही न बोलता पायऱ्या उतरले.

तो रुमाल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून हा आठवडा याच विषयाला.

"गूगलमध्ये जातंय की सगळं आपोआप!" हे उत्तर मला रोज मिळतं. जात होतं. 1 जून 2021पासून गूगल फोटोजमधली फुकट अमर्याद जागा बंद झाली. आता 15 जीबी, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांना मिळून. ती भरली की फोटो वर चढायचे थांबतात. सूचना येते, आपण ती बोटानं बाजूला सारतो. दोन वर्षं न उघडलेलं खातं काढून टाकायचा अधिकारही कंपनीनं स्वतःकडे ठेवलाय. वारलेल्या माणसाचं खातं कोण उघडणार? आणि एक गोष्ट तर शंभरातल्या नव्वदांना सांगितल्यावरच कळते. गूगल फोटोजच्या अ‍ॅपमध्ये जागा करायला म्हणून एखादा फोटो डिलीट केला, की तो फोनमधूनही जातो आणि वरच्या खात्यातूनही. 60 दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा संपला. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं, ती दुसरी प्रत कसली? ती एकच प्रत दोन खिडक्यांतून दिसते, एवढंच.

क्लाऊड वापरू नका असं मी म्हणत नाही. त्याच्यावर एकट्यावर निजू नका, असं म्हणतोय.

हे कुठल्याही गावाला लागू आहे. पण आपण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरची माणसं, आपल्याला ते दुप्पट लागू आहे.

बेळगावजवळच्या येळ्ळूरची पाटी आठवा. 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' लिहिलेली ती पाटी जुलै 2014मध्ये काढली गेली. त्याआधी कितीजणांनी तिच्यासमोर उभं राहून मोबाईलवर फोटो काढले होते! 2014चा तो मोबाईल आज कपाटात बॅटरी फुगून पडलाय. 2024च्या सुरुवातीला कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के जागा कन्नडला देण्याचा कायदा झाला. पाट्यांच्या वादात मी आज शिरत नाही. पण आपल्या आज्ज्याच्या दुकानावरची हातानं रंगवलेली मराठी पाटी उतरण्याआधी कशी होती, हे पुढच्या पिढीला दाखवायचं तर ती कुणाच्या तरी फोनात आहे आणि तो फोन विकायला काढलाय. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर जागून काढलेले फोटोही तसेच. कुठलंही सरकारी दफ्तर आपल्यासाठी हे जपून ठेवणार नाही. आपलं दफ्तर आपल्या घरात.

एक उदाहरण जपणुकीचंही सांगतो, कारण ते आपल्याच मातीतलं आहे. 1982मध्ये 'युगांतर' नावाच्या गटानं निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांवर माहितीपट केला. दीपा धनराज, नवरोज काँट्रॅक्टर अशी त्यातली मंडळी. खकाण्यानं भरलेल्या त्या वखारी, तोंडाला पदर बांधून काम करणाऱ्या त्या बाया, त्यांची संघटना, त्यांचं मराठी बोलणं, सगळं त्यात आहे. बर्लिनच्या 'आर्सेनल' या चित्रपट संस्थेत त्याचं नव्यानं डिजिटल रूप तयार झालं, म्हणून आज तो बघता येतो. आपल्या निपाणीच्या बायका बर्लिनमध्ये सुरक्षित आहेत, कारण कुणीतरी फिल्म सांभाळली, कुणीतरी तिची प्रत केली. चाळीस वर्षांपूर्वीची फिल्म टिकली आणि चार वर्षांपूर्वीचं बारसं गेलं.

आता पाण्याकडे वळतो. ऑगस्ट 2019मध्ये निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी वेदगंगा नदी महामार्गावर आली आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला. जुलै 2021मध्ये पुन्हा तेच. वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावं दोन्ही वेळा पाण्यात होती. माझं आजोळ त्यातल्याच एका गावात. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल उपसत होतो तेव्हा ट्रंकेतला अल्बम निघाला. सगळी पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. आम्ही तो उन्हात वाळत घातला. तीच चूक. असे फोटो चिकटलेल्या अवस्थेत वाळू द्यायचे नसतात. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवायचे आणि मग सुटे सुटे सावलीत वाळवायचे. हे मला नंतर कळलं. आजी-आज्ज्याच्या लग्नाचा एकुलता एक फोटो आता अर्धा आहे, आजी तेवढी दिसते.

म्हणून सांगतो, या रविवारी बसा.

घरात कॉम्प्युटर आहे ना? पोराच्या अभ्यासाला घेतलेला, आता धूळ खात पडलेला? चालतोय. केबल घ्या, पण काही स्वस्त केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून फोटो जात नाहीत. फोन जोडला की त्याच्या पडद्यावर 'फाईल ट्रान्सफर' निवडा. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. व्हॉट्सअ‍ॅपचे वेगळ्या फोल्डरमध्ये, तेही घ्या. मात्र तिथून आलेला फोटो आकसून आलेला असतो, मूळ फोटो काढणाऱ्याकडेच मागा. कॉपी करा, कट करू नका. मध्येच लाईट गेली किंवा केबल हलली तर कट केलेला फोटो ना इकडचा ना तिकडचा. एकदम वीस हजार ओढू नका, एकेका वर्षाचे घ्या. आयफोनवाल्यांनी आधी सेटिंग बघावं. जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर फोनात बारकी प्रत आणि मूळ फोटो ॲपलच्या खात्यात असतो, केबलीतून तो येत नाही.

फोल्डरला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग. '2019-08 पूर'. म्हणजे आपोआप ओळीत लागतात.

आणि कॉम्प्युटरवर आले म्हणजे झालं, असं नाही. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. फोन एक, कॉम्प्युटर दोन, बाहेरची हार्ड डिस्क तीन. चार एमबीचा फोटो धरला तरी एक टीबीच्या डिस्कमध्ये अडीच लाख मावतात. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर कॉम्प्युटरला लागलेला व्हायरस तिलाही खातो. वर्षातनं दोनदा उघडून बघा, पाच-सहा वर्षांनी नवी घ्या. आणि ठेवायची कुठं, तर पाहुण्यांकडे. निपाणीकरांनी कोल्हापूरचा पाहुणा निवडू नये. वेदगंगा चढते त्याच आठवड्यात पंचगंगाही चढते. पुण्यातल्या लेकीकडे द्या.

एक काम मात्र यंत्र करत नाही. फोटोतली माणसं कोण, हे म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारा आणि त्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा. तेही लवकर.

मी गेल्या रविवारी आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं. 2018च्या गणपतीतला आजोळचा एक फोटो आला. भाचरं ओळीनं उभी, हातात मोदक. हा फोटो मी फोनवर पन्नासदा बघितलाय. आईनं चष्मा सारखा केला, पुढं वाकली, आणि पोरांच्या डोक्यांवरून मागं बोट नेलं.

"हे दार बघितलंस? अण्णांनी करून घेतलेलं. पुरात गेलं ते."